डोळ्यांत पाणी आणणारी स्वच्छता

धुरीमामांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्या इस्पितळात, सर्जनपासून लिफ्टवाल्यापर्यंत, ते धुरीमामाच. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच मुख्य काम केलं होतं: दर शनिवारी ऑपरेशन थिएटर बंद करून त्याला धुरी द्यायची.

धुरी म्हटलं की लोकांना निखारे आणि धूर आठवे. मामांच्या धुरीत दोन्ही नव्हते. उलट त्या खोलीत काडी ओढायलाही मज्जाव, कारण धुरीच्या औषधाच्या पुडीची धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर भडका उडायचा. ते आधी खिडक्यांच्या फटींना कागदी पट्ट्या चिकटवत. मग दोरीवर ओल्या चादरी टांगत, कारण कोरड्या हवेत हे औषध आळशी होतं. खोलीची लांबी, रुंदी, उंची गुणून पूड तोलायची, स्टीलच्या तसराळ्यात घालून विजेच्या शेगडीवर ठेवायची आणि बाहेर येऊन दाराबाहेरचं बटण दाबायचं. पूड दिसायला पिठीसाखरेसारखी, गरीब. तापली की ना ज्वाळा ना धूर, नुसती नाहीशी होत जाई आणि खोलीभर असा वायू भरे की आत चुकून राहिलेली माशी भिंतीवरच्या भिंतीवर आटपायची. रविवारी अमोनिया ठेवून त्या वायूची धार मोडायची. सोमवारी सकाळी दारं उघडून, दिव्यांवर आणि टेबलावर जमलेला पांढरा थर ओल्या फडक्याने पुसायचा. हा सगळा हिशोब मामांच्या डोक्यात पक्का होता. शिक्षण मात्र आठवीपर्यंत, त्यामुळे त्याला ज्ञान न म्हणता सवय म्हणायची पद्धत होती.

या सवयीने त्यांचं नाक गेलं. ते कधी गेलं ते त्यांनाही कळलं नाही. गेलेलं कळलं ते बायकोला. एकदा तिने दूध गॅसवर ठेवून मामांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि शेजारी गेली. परत आली तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास, पातेल्याचा कोळसा, आणि हातभर अंतरावर मामा शांतपणे पेपर वाचतायत. तिने भांडणाची पूर्ण तयारी केली होती, पण मामांचा गोंधळलेला चेहरा पाहून ती थबकली. "तुम्हाला खरंच वास आला नाही?" तिने विचारलं. मामा म्हणाले, सर्दी आहे. ही सर्दी पुढे आठ वर्षं टिकली. हाताच्या बोटांना भेगा पडायच्या, जिना चढताना छातीत शीळ वाजायची. तेही सर्दीच्याच खात्यावर मांडलं गेलं.

इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना ही हकीकत कळली तेव्हा ते खूश झाले. या कामाला असाच माणूस हवा, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. साहेब अधीक्षक होते आणि स्वच्छतेची त्यांची स्वतःची कसोटी होती. ते दर सोमवारी दहा वाजता थिएटरच्या दाराशी उभे राहून खोल श्वास घेत आणि मनातल्या मनात आकडे मोजत. तीनच्या आत डोळ्यांत पाणी आलं तर थिएटर पास. त्यांनी एक सुविचारही रचला होता, तो व्हरांड्यात निळ्या रंगात लिहून घेतला होता: 'डोळ्यांत जिथे पाणी, तिथे जंतूंची हानी.' पेशंटच्या नातेवाइकांनाही ते पटायचं. औषधाचा झणका आला नाही तर लोकांना वाटे, इथे कोणी कामच करत नाही.

त्या वर्षी थंडी कडक पडली आणि इस्पितळाच्या कोठीत एक प्रकरण घडलं. पेशंटच्या अंगातून काढलेले तुकडे तपासणीसाठी ज्या द्रवात बुडवून ठेवतात, त्या फॉर्मॅलिनच्या पारदर्शक कॅनच्या तळाशी पांढरा गाळ बसला. कोठीवाल्या बाबूंनी कॅन हलवून पाहिला, उजेडात धरला आणि जाहीर केलं की पुरवठादाराने खडूची भेसळ केली आहे.

मामा तिथे साबण न्यायला आले होते. ते म्हणाले, ही भेसळ नव्हे, हे तेच औषध आहे. गारठलं की दाटून खाली बसतं. त्याचीच आपली पूड होते. कोमट पाण्यात कॅन ठेवा, विरघळेल. बाबूंनी त्यांचं शिक्षण विचारलं. मामांनी सांगितलं. बाबू म्हणाले, मग झालं तर.

पाच जणांची समिती बसली. पुरावा म्हणून एक कॅन लाख लावून सीलबंद करण्यात आला, आणि तो सगळ्यांत सुरक्षित जागी, म्हणजे साहेबांच्या खोलीत, त्यांच्या पायाशी असलेल्या हीटरशेजारी ठेवण्यात आला. दहा दिवसांनी समितीने पाहिलं तर गाळ निम्म्याहून कमी झालेला. तेव्हा सील न तोडता भेसळ कोणी पळवली, याचा तपास करायला दुसरी समिती नेमली गेली. पुरवठादाराचा सगळा माल थांबवण्यात आला. धुरीची पूडही त्याच्याकडूनच यायची, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मामांच्या आलं. डब्याच्या तळाशी जेमतेम दोन मुठी पूड उरली होती.

मामांनी तीन वेळा लेखी कळवलं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं: 'उपलब्ध साधनांत भागवावे.'

उपलब्ध साधनं म्हणजे पाणी, साबण, ब्रश आणि मावशी. मावशी थिएटरची झाडलोट करायच्या. जीभ तिखट आणि हात त्याहून. शनिवारी दुपारी दोघं आत शिरली आणि छतापासून खाली घासायला लागली. दिव्याच्या मुठी, भिंती, दाराच्या कडा असं करत ती ऑपरेशनच्या टेबलापाशी आली. मावशी सरळ जमिनीवर आडव्या होऊन टेबलाखाली सरकल्या आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. हे विपरीत होतं म्हणून मामाही वाकले. टेबलाच्या पोटाला वाळलेल्या रक्ताचे काळे ओघळ होते, जुने, वार्निशसारखे घट्ट. चाकांभोवती केस आणि टाक्यांचे धागे गुंडाळलेले.

"इतकी वर्षं वरून अत्तर शिंपडत होतात," मावशी खालून म्हणाल्या, "आणि आत हा उकिरडा."

मामांनी कोट काढला आणि तेही आडवे झाले. त्या दिवशी टेबलाला चार तास लागले. त्यानंतर दर शनिवारी हेच. रविवारी खिडक्या उघड्या टाकून खोली खडखडीत वाळवायची. घासूनपुसून थिएटर असं लखलखे की मावशी दाराशी थांबून येणाऱ्याजाणाऱ्याला चपला काढायला लावत.

अडचण होती ती सोमवारची. वास नाही तर साहेबांच्या लेखी कामही नाही. मामांनी त्यावर तोड काढली. दहाला पाच मिनिटं असताना ते बशीत चमचाभर पूड घेऊन व्हरांड्यातल्या पडद्यामागच्या गरम पाइपवर ठेवत. साहेब येत, श्वास घेत, डोळे टिपत आणि समाधानाने निघून जात. पाठ वळली की मामा बशी झाकून डब्यात टाकत. आयुष्यात त्यांनी कधी कामचुकारपणा केला नव्हता. आता दुप्पट काम करून कामचुकार असल्यासारखं वाटत होतं.

असे तीन महिने गेले. दरम्यान जंतुशास्त्र विभागात नव्या डॉक्टर बाई आल्या. वयाने तिशीच्या आतबाहेर आणि कुठल्याही गोष्टीवर पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या. त्यांनी थिएटरमध्ये जागोजागी कापसाचे बोळे फिरवले, ते काचेच्या ताटल्यांवर टेकवले आणि ताटल्या उबेत ठेवल्या. जंतू असतील तर दोन दिवसांत ठिपके उगवतात. ताटल्या जवळजवळ कोऱ्या निघाल्या. दहा वर्षांत असा निकाल आला नव्हता. साहेबांनी तो बैठकीत वाचून दाखवला, धुरीपरंपरेचा विजय झाल्याचं सांगितलं आणि मामांसाठी सर्वांसमोर टाळ्या वाजवल्या. मामांनी मान इतकी खाली घातली की लोकांना तो विनय वाटला.

बाईंनी मात्र जुने निकाल चाळले होते. दुसऱ्या दिवशी त्या थिएटरच्या मागच्या खोलीत आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "मामा, थंडीपासून तुम्ही पुडीचं प्रमाण वाढवलंत का?"

मामांनी थोडा वेळ फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "बाई, पूडच नाही," ते म्हणाले. मग एकदा धागा सुटल्यावर त्यांनी पत्रं, मावशी, टेबलाचं पोट आणि बशी, सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. बशीचं ऐकून त्यांना हसू आवरेना. पण व्हरांड्यातून पेशंट जातात, ती आजपासून बंद, असं त्यांनी बजावलं. मग त्यांनी समजावलं की वायू वरवरच्या जंतूंना मारतो, पण वाळलेल्या रक्ताच्या आत पोचत नाही. उलट वरची साल कडक करतो आणि आतले सुखात राहतात. आधी घासल्याशिवाय धुरीला अर्थ नाही, आणि नीट घासलं तर रोजच्या कामाला धुरीची गरज नाही.

"पण ही पूड आहे तरी काय?" मामांनी विचारलं. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न विचारावा असं माणूसच त्यांना भेटलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, ही माळ आहे. फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू असतो, त्याचे कण एकमेकांचा हात धरून लांब साखळी करून बसले की त्यांची पांढरी पूड होते. हात धरलेत तोवर बऱ्यापैकी शांत. उष्णता लागली की हात सुटतात आणि परत वायू.

मामांनी विचार केला. "म्हणजे एकत्र कुटुंब," ते म्हणाले. "आणि शेगडी म्हणजे वाटणीची भाषा. एकदा निघाली की जो तो चावायला मोकळा."

बाईंनी हे पुस्तकात घालायला हवं असं म्हटलं. या कुटुंबाचा गोतावळा मोठा आहे, हेही सांगितलं. प्लायवूड चिकटवणाऱ्या सरसात हाच वायू दुसऱ्या रसायनाच्या घरात दिलेला असतो. कँटीनच्या न फुटणाऱ्या ताटल्यांत हाच. प्रिंटरमधल्या दातेरी चाकांतही याचीच घट्ट साखळी. तिथे टोकं पक्की बांधलेली असतात म्हणून तो त्रास देत नाही. स्वस्त प्लायवूड मात्र नवं असताना वर्षभर कुरकुरतं, तेव्हा त्याच्या कपाटाने डोळे चुरचुरतात. मग त्या थांबल्या आणि मामांना नाकाबद्दल विचारलं. छातीबद्दल विचारलं. हाताच्या भेगा पाहिल्या. हा वायू वर्षानुवर्षं हुंगला तर नाकाच्या मागच्या भागात कॅन्सर होऊ शकतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का, असं त्यांनी शेवटी हळू आवाजात विचारलं.

"मास्क दिला होता," मामा म्हणाले. "कापडी. वर्षाला दोन."

कापडाने वायू अडवणं म्हणजे चाळणीने पाणी अडवणं. बाईंनी तेवढंच म्हटलं आणि तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

मामांनी दोन दिवस घरी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, "मी आठ वर्षं हेच बोंबलतेय. पण माझ्याकडे पदवी नव्हती." ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली, जी आधीच घासलेली होती.

बाईंनी अहवाल लिहिला: नेमाची धुरी थांबवावी, घासून स्वच्छता करावी, दर पंधरवड्याला तपासणी व्हावी. साहेबांनी त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारला आणि तो काचेच्या जड गोळ्याखाली ठेवला. धुरी थांबवायची तर सुविचारावर चुना फिरवावा लागला असता.

त्यातच नव्या इमारतीचं उद्घाटन आलं. उद्घाटनाला मंत्री येणार, म्हणून एका दिवसात पुरवठादार निर्दोष ठरला आणि तीस किलो पूड आली. साहेबांनी हुकूम दिला: नव्या इमारतीचा मोठा हॉल आदल्या दिवशी धुरी देऊन सज्ज ठेवा, दारं साडेनऊला उघडा, कार्यक्रम दहाला.

मामा म्हणाले, निदान दोन दिवस हवा खेळायला पाहिजे, आणि अमोनिया ठेवायलाच लागेल. साहेब म्हणाले, अमोनिया अजिबात नको, मुतारीसारखा वास येतो. मंत्र्यांना स्वच्छतेचा वास आला पाहिजे.

"मग साहेब, हे लेखी द्या," मामा म्हणाले.

सत्तावीस वर्षांत मामांनी काही मागितलं नव्हतं. खोलीतले कारकून लिहायचे थांबले. साहेबांना मात्र त्यात अडचण दिसली नाही. त्यांनी टपोऱ्या अक्षरात हुकूम लिहिला, 'अमोनिया वापरू नये' या वाक्याखाली रेघ ओढली, शिक्का मारला आणि कागद सरकवला.

मामा त्या दुपारी मागच्या खोलीत बसून राहिले. नाही म्हणावं तर साहेब दुसऱ्या कोणाला लावतील, आणि तो हौशी माणूस पूड थेट गॅसच्या शेगडीवर ठेवेल. मग हॉलच राहणार नाही. बाईंनी दुसरं टिपण लिहिलं, तर त्यांना त्या दिवशी परगावी प्रशिक्षणाला धाडण्यात आलं. जाताना त्या प्रयोगशाळेतला वायू शोषणारी डबी लावलेला खरा मास्क मामांच्या हातात देऊन गेल्या. मामांनी हुकूम पुन्हा वाचला. पूड किती घालायची ते साहेबांनी लिहिलं नव्हतं. मामांनी पाव हिश्श्याने तोलली. शिवाय हॉलबाहेर स्वच्छ पाण्याच्या आठ बादल्या आणि टॉवेलांचा ढीग ठेवला, आणि मावशींना खिडक्यांच्या ओळीपाशी उभं केलं.

पाव हिस्साही पुरला. मंत्री आत आले, फीत कापली, पहिल्या रांगेतल्या लाल खुर्चीवर बसले. खुर्च्यांवर अगदी पातळ पांढरा थर होता, तो बऱ्याच मोठ्या लोकांच्या पाठीमागे लागला. साहेबांनी स्वागत केलं तेव्हाच त्यांचे डोळे भरले होते, पण ते अभिमानाने हसत होते. मंत्री भाषणाला उठले. "गोरगरिबांच्या," ते म्हणाले आणि थांबले. गालावरून धार लागली. फोटोवाले पुढे धावले. पाठोपाठ सगळा हॉल रडू लागला. मागच्या रांगेतल्या नर्स, बँडवाले, खुर्च्या मांडणारे, सगळे. पहिल्या मिनिटात टाळ्या पडल्या, दुसऱ्या मिनिटाला खोकला सुरू झाला, आणि मंत्र्यांच्या सचिवाचा, ज्याला दमा होता, श्वास घरघरू लागला.

मामांनी हुकमाची वाट पाहिली नाही. त्यांच्या खुणेसरशी मावशींनी एकामागोमाग खिडक्या उघडल्या. मामांनी मास्क बाजूला केला, मंत्र्यांसमोरचा माइक हातात घेतला आणि म्हणाले, "सगळे बाहेर चला. डोळे चोळू नका."

बाहेर अंगणात मोठी माणसं बादल्यांवर ओणवी झाली. मामा एकेकाच्या डोळ्यांवर पाणी ओतत होते आणि पंधरा मिनिटं धुवत राहा म्हणून सांगत होते. सचिवाला स्ट्रेचरवर घेतलं, पण नव्या इमारतीत नेता येईना म्हणून जुन्यातच नेलं. तो तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला.

मंत्र्यांनी टॉवेलातून डोकं काढून विचारलं की हे कोणी केलं. साहेब खोकत होते, तरी त्यांचं बोट बरोबर मामांकडे वळलं. "धुरी यानेच दिली," ते म्हणाले.

मामांनी खिशातून कागद काढून पुढे केला. मंत्र्यांनी तो एका लाल डोळ्याने वाचला, रेघ ओढलेलं वाक्य दोनदा वाचलं, आणि साहेबांना विचारलं, "अक्षर फार सुंदर आहे. कोणाचं?"

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी होती: गरिबांच्या आठवणीने मंत्री गहिवरले. ती कोणीच खोडून काढली नाही. चौकशी समितीने ठरवलं की उपस्थितांचे डोळे प्रमाणापेक्षा जास्त संवेदनशील होते. साहेबांची बढतीवर बदली झाली. ते आता राजधानीत स्वच्छतेचं धोरण लिहितात. बाईंच्या अहवालावरचा 'विचाराधीन' शेरा खोडून 'तातडीचे' असा झाला आणि नेमाची धुरी बंद पडली. उरलेली पूड सीलबंद डब्यांत, उन्हापासून आणि वायरिंगपासून दूर ठेवली गेली. ती कचऱ्यात टाकायची नाही, गटारात ओतायची नाही, जाळायची नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. घातक कचरा नेणारी परवानाधारक गाडी यायला दहा महिने लागले. तोवर मामा रोज डब्यांची झाकणं तपासायचे.

त्यांची तपासणी झाली. नाकात गाठ नव्हती. ते बायकोने डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं. फुप्फुसांचं नुकसान होतं तेवढं होतं, त्यावर ओढायचा पंप मिळाला. वास मात्र आता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. नोकरीची शेवटची चार वर्षं मामांना नव्या लोकांना थिएटर घासायला शिकवण्याचं काम दिलं गेलं. मावशींना बरोबर घेणार असाल तरच शिकवेन, असं ते म्हणाले. प्रशासनाने मावशींचं शिक्षण विचारलं. मामांनी सांगितलं की त्यांना टेबलाचं पोट ठाऊक आहे. बराच पत्रव्यवहार होऊन मावशींचं नाव हुकमात आलं.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मामांच्या बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्याच थिएटरमध्ये झालं. आदल्या दिवशी मामांनी आणि मावशींनी ते दोघांनीच घासलं, तीन तास. मामा टेबलाखाली पंपाचे दोन झुरके घेऊन पुन्हा सरकले, पण कोणाला हात लावू दिला नाही. जखम आठ दिवसांत स्वच्छ भरली.

घरी आल्यावर बायको उशीला टेकून बसली होती. मामा पाणी घेऊन आले. भेटायला आलेल्या मावशींनी तिला टेबलाची सगळी हकीकत सांगितली होती.

"तिथे म्हणे आडवे होऊन घासता," ती म्हणाली. "मग आपल्या मोरीनेच काय घोडं मारलंय?"

मामांनी पाण्याचा पेला तिच्या हाती दिला, बाह्या दुमडल्या आणि ब्रश शोधायला गेले.